व्हिडिओसाठी बफर किती ठेवायचा? ब्रॉडबँड लिंकवरची रांग मोजण्याची आणि आवरण्याची रीत

लिंकच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी ६४ टक्के दिसते. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जागा मोकळी आहे. तरीही पडद्यावर चौकोन फुटतात, चित्र मधेच थिजतं, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. अशा वेळी नव्याने नेटवर्क सांभाळणारा माणूस बहुतेकदा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) वाढवता येईल तेवढा वाढवतो. मग पॅकेट हरवायची थांबतात, पण उशिरा यायला लागतात. लाइव्ह व्हिडिओत वेळ टळून गेल्यावर आलेल्या पॅकेटचा काहीच उपयोग नसतो, त्यामुळे तक्रार जिथल्या तिथे राहते.

बफर किती हवा हे अंदाजपंचे ठरवायची गरज नाही. हिशेब गुणाकार-भागाकाराचाच आहे, फक्त तो बाइटमध्ये किंवा पॅकेटमध्ये न करता मिलिसेकंदांत करायचा. या लेखात १ केबी म्हणजे १००० बाइट धरले आहेत. लिंकचा वेग बिटमध्ये सांगतात आणि बफर बाइटमध्ये, म्हणून ८ ने गुणायचं विसरू नका. चुकलेल्या हिशेबांत सगळ्यात जास्त वेळा हाच आठ राहिलेला असतो.

कोणत्या बफरबद्दल बोलतोय?

व्हिडिओच्या वाटेवर बफर नावाच्या किमान तीन जागा असतात. पहिली एनकोडरमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागात), जिथे फ्रेम लहान-मोठ्या होण्याला मर्यादा घातली जाते. दुसरी लिंकच्या तोंडाशी, म्हणजे राउटर, मोडेम किंवा स्विचमध्ये, जिथे पॅकेट बाहेर पडण्यासाठी रांगेत थांबतात. तिसरी पाहणाऱ्याकडे, प्लेअरमध्ये किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये.

तिसरा बफर रिकामा झाला की पडद्यावर गोल चक्र फिरतं. दुसरा भरला की ओसंडतो आणि पॅकेट टाकून दिली जातात. दोन्ही दुखणी उलट्या दिशेची आहेत, म्हणून औषधही एक नाही. प्लेअरमध्ये वीस-तीस सेकंदांचा साठा असणं चांगलं, पण लिंकच्या रांगेत एका सेकंदाचा साठा झाला की त्या लिंकवरचे सगळे कॉल निकामी होतात. पुढचं सगळं विवेचन या दुसऱ्या बफरबद्दल आहे.

पायरी १: रांग नेमकी कुठे लागते ते शोधा

येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तिथेच रांग लागते. आतलं नेटवर्क गिगाबिटचं आणि अपलोड ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) असेल, तर अपलोडची रांग मोडेममध्ये किंवा ओएनटीमध्ये (फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्यात) लागणार. तिथे वीसपट वेगाने माल येऊन आदळतो. डाउनलोडची रांग सेवा पुरवणाऱ्याच्या उपकरणात लागते, आणि तिथे तुमचा हात पोचत नाही. मधल्या गिगाबिट स्विचचा बफर दुप्पट केल्याने यात काहीही बदलत नाही, कारण तिथे सहसा रांगच नसते.

गैरसोय अशी की मोडेममधला बफर तुम्हाला ना दिसतो, ना बदलता येतो. त्यावर उपाय म्हणजे रांग स्वतःच्या राउटरमध्ये ओढून आणायची. राउटरवर शेपर लावून बाहेर जाणारा वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवायचा. मग मोडेमचा बफर रिकामा राहतो आणि रांग तुमच्या ताब्यातल्या डब्यात लागते. शेपर नेमका कितीवर लावायचा ते पायरी ५ मध्ये येईल. त्याआधी समोर काय आहे ते मोजू.

पायरी २: लपलेला बफर मोजा

या चाचणीला पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) आणि एक मोठी फाइल एवढंच लागतं. संगणक केबलने जोडा, वायफायवर मोजू नका.

लिंक रिकामी असताना जवळच्या एखाद्या सर्व्हरला मिनिटभर पिंग करा आणि आकडा लिहून ठेवा. मग पिंग चालू ठेवूनच मोठी फाइल अपलोड करा, निदान तीस सेकंद. पिंगचा वेळ किती चढला ते पाहा. हेच डाउनलोडसाठी करा, आणि शेवटी दोन्ही एकदम चालू ठेवून करा.

समजा रिकाम्या लिंकवर पिंग १५ मिलिसेकंद होता आणि अपलोड चालू असताना तो ८१५ वर स्थिरावला. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस. जास्तीचा विलंब ०.८ सेकंद, गुणिले ५ एमबीपीएस, बरोबर ४ मेगाबिट, म्हणजे ५०० केबी. मोडेममध्ये एवढा बफर आहे, १५०० बाइटची सुमारे ३३३ पॅकेट मावतील इतका. उत्पादकाच्या माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच सापडतो. या चाचणीतून तो तुमचा तुम्हाला मिळतो.

विलंब ५ ते ३० मिलिसेकंदांनी वाढत असेल तर प्रकृती चांगली आहे. शेकड्यांत वाढत असेल तर रांग फुगलेली आहे. तिसराही एक प्रकार असतो: विलंब फारसा वाढत नाही, पण एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की पॅकेट पडायला लागतात. तिथे सेवा पुरवणाऱ्याने शेपर नव्हे तर पोलिसर लावलेला असण्याची शक्यता मोठी. शेपर जास्तीचा माल थांबवून ठेवतो, पोलिसर तो थेट फेकून देतो. पोलिसरच्या मागे रांगच नसल्यामुळे व्हिडिओचे छोटे लोंढेसुद्धा कापले जातात. तुमच्या बाजूने त्या वेगाखाली शेपर लावून लोंढे आधीच सपाट करणं हाच त्यावर इलाज.

पायरी ३: बाइटचे मिलिसेकंद करा

वरचाच ५०० केबीचा बफर १०० एमबीपीएसच्या लिंकवर ठेवला तर तो भरल्यावर होणारा विलंब ४० मिलिसेकंद. ५ एमबीपीएसवर तोच ८०० मिलिसेकंद. म्हणून ‘अमुक केबी बफर चांगला’ या वाक्याला लिंकचा वेग सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

पॅकेटमध्ये मोजणं तर आणखी फसवं. लिनक्समध्ये इथरनेट कार्डाच्या रांगेची लांबी पूर्वापार १००० पॅकेट ठेवलेली असते. पॅकेट ६४ बाइटची असतील तर हा बफर ६४ केबीचा, १५०० बाइटची असतील तर दीड एमबीचा. व्हिडिओची पॅकेट बहुतेक मोठीच असतात, त्यामुळे १० एमबीपीएसच्या लिंकवर ही रांग पूर्ण भरली तर १.२ सेकंदांचा विलंब होतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. एकट्या रांगेने त्याच्या आठपट वेळ खाल्ला.

पायरी ४: व्हिडिओचा लोंढा मोजा

आता मुख्य भाग. इथे घाई करू नका, कारण ‘लिंक ६४ टक्के आणि तरी पॅकेट पडतात’ याचं उत्तर इथेच आहे.

व्हिडिओच्या फ्रेम सारख्या आकाराच्या नसतात. आय-फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं, पी-फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच. आय-फ्रेम पी-फ्रेमच्या पाचपट, दहापट, स्थिर दृश्यात त्याहूनही मोठी असते. एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमपर्यंतच्या गटाला जीओपी म्हणतात.

उदाहरण घेऊ. १६ पाळत-कॅमेरे, प्रत्येकी सरासरी २ एमबीपीएस, सेकंदाला २५ फ्रेम, जीओपी २ सेकंदांचा म्हणजे ५० फ्रेमचा. एकूण ३२ एमबीपीएस, अपलोड ५० एमबीपीएस, वापर ६४ टक्के. आय-फ्रेम पी-फ्रेमच्या दहापट धरा.

एका कॅमेऱ्याच्या एका जीओपीत ४ मेगाबिट, म्हणजे ५०० केबी. त्यात ४९ पी-फ्रेम आणि दहा पी-फ्रेमएवढी एक आय-फ्रेम, असे ५९ भाग. एक भाग साधारण ८.५ केबी, तर आय-फ्रेम ८५ केबी. सोळाही कॅमेऱ्यांच्या आय-फ्रेम एकाच क्षणी आल्या तर १,३५६ केबी एकदम येऊन पडतात.

रांग किती वाढेल यासाठी साधं सूत्र आहे: लोंढ्याचा आकार गुणिले (१ वजा जाण्याचा वेग भागिले येण्याचा वेग). येण्याचा वेग १००० एमबीपीएस, जाण्याचा ५०, म्हणून १,३५६ गुणिले ०.९५, साधारण १,२९० केबी. लिंकच्या वेगाने त्याचे २०६ मिलिसेकंद होतात. त्यामागे दर ४० मिलिसेकंदांनी सोळा पी-फ्रेम येतच राहतात, म्हणून रांग पूर्ण ओसरायला सुमारे ४३० मिलिसेकंद लागतात. राउटरचा बफर ५१२ केबी असेल तर या लोंढ्यातला निम्म्याहून जास्त माल टाकून दिला जातो, आणि तोही सगळा आय-फ्रेमचा. हे दर दोन सेकंदांनी होतं आणि पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचा मागमूस नसतो.

आता त्याच कॅमेऱ्यांच्या आय-फ्रेम पुढे-मागे करा, म्हणजे दर तिसऱ्या फ्रेमला एकाच कॅमेऱ्याची आय-फ्रेम येईल. सगळ्यांत वाईट ४० मिलिसेकंदांत पंधरा पी-फ्रेम आणि एक आय-फ्रेम, मिळून २१२ केबी. तेवढ्या वेळात लिंक २५० केबी वाहून नेते. पुढची फ्रेम येण्याआधी रांग रिकामी होते. सूत्राप्रमाणे जास्तीत जास्त रांग सुमारे २०० केबी, म्हणजे ३२ मिलिसेकंद. कॅमेरे तेच, लिंक तीच, चित्राची प्रतही तीच, आणि बफरची गरज सहापटीहून कमी झाली. म्हणून बफरला हात लावण्याआधी लोंढ्याकडे पाहावं.

आय-फ्रेम एकत्र येतात तरी का? रेकॉर्डर रीस्टार्ट केला की तो सगळ्या कॅमेऱ्यांना जवळजवळ एकाच वेळी जोडतो, आणि नवी जोडणी आली की बरेच कॅमेरे लगेच आय-फ्रेम पाठवतात. त्यानंतर सगळ्यांचा जीओपी सारखाच असल्याने ताल जुळलेलाच राहतो. हे मोडायचं तर कॅमेरे थोड्या-थोड्या अंतराने जोडा, किंवा जीओपीची लांबी वेगवेगळी ठेवा: काहींना ४७, काहींना ५०, काहींना ५३ फ्रेम. मग सोळाही आय-फ्रेम कधीतरीच जुळतील, दर दोन सेकंदांनी नाही.

एनकोडर तुमच्या हातात असेल तर आणखी दोन गोष्टी करता येतात. एक्स२६४ या एनकोडरमध्ये बफसाइझ नावाची मर्यादा असते. कमाल बिटरेट ४ एमबीपीएस आणि बफसाइझ ४ मेगाबिट ठेवला तर एनकोडरला एका फ्रेममध्ये ५०० केबीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. बफसाइझ १ मेगाबिटवर आणला की ही मुभा १२५ केबीवर येते. चित्राची प्रत दृश्य बदलताना थोडी उतरते, लाइव्हसाठी ती किंमत परवडते. दुसरी गोष्ट इंट्रा-रिफ्रेश: पूर्ण आय-फ्रेम एकदम न पाठवता तिचे पट्टे अनेक फ्रेममध्ये वाटून पाठवायचे. कॅमेऱ्यात ‘सीबीआर’ (स्थिर बिटरेट) निवडलं म्हणून प्रश्न सुटला असं मानू नका. तिथे बिटरेट स्थिर ठेवला जातो तो काही सेकंदांच्या सरासरीवर, एका फ्रेमच्या पातळीवर नाही.

ऑन-डिमांड व्हिडिओचा लोंढा वेगळ्या जातीचा. प्लेअर चार-सहा सेकंदांचा तुकडा मागवतो, तो आला की थांबतो, मग पुढचा मागवतो. ५ एमबीपीएसचा चार सेकंदांचा तुकडा अडीच एमबीचा. तो टीसीपीवरून (हरवलेलं पॅकेट परत पाठवणाऱ्या आणि गर्दी पाहून वेग बदलणाऱ्या प्रोटोकॉलवरून) येतो आणि लिंकच्या पूर्ण वेगाने येतो, त्यामुळे सरासरी ५ एमबीपीएस असली तरी लिंक मधूनमधून शंभर टक्के भरते. या लोंढ्यामुळे त्या व्हिडिओचं काही बिघडत नाही, कारण त्याच्याकडे साठा आहे. बिघडतं ते शेजारी चाललेल्या कॉलचं.

लोंढा किती लांबीचा आहे यावरही बरंच अवलंबून आहे. एका फ्रेमचा लोंढा बफर पचवतो. पण धावपळीचं दृश्य दहा सेकंद चाललं आणि त्या काळात लिंकपेक्षा २ एमबीपीएस जास्त माल आला, तर २० मेगाबिट साचतात. २० एमबीपीएसच्या लिंकवर तो पूर्ण एक सेकंदाचा विलंब झाला. १९९४ साली मार्क गॅरेट आणि वॉल्टर विलिंजर यांनी एका पूर्ण चित्रपटाच्या बदलत्या बिटरेटचं विश्लेषण करून दाखवलं की व्हिडिओच्या वाहतुकीतले चढ-उतार मिलिसेकंदांपासून मिनिटांपर्यंत सगळ्या मापांवर पसरलेले असतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: बफर वाढवत नेला तरी पॅकेट पडण्याचं प्रमाण अपेक्षेइतकं भराभर घटत नाही. काही सेकंद चालणाऱ्या चढासाठी जास्त बँडविड्थ किंवा कमी बिटरेट, हेच दोन उपाय.

पायरी ५: मर्यादा ठरवा आणि शेपर लावा

टीसीपीसाठी जुना नियम असा की बफर हा लिंकचा वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ एवढा असावा. १०० एमबीपीएस आणि ४० मिलिसेकंदांसाठी ५०० केबी. १९९४ च्या सुमारास कर्टिस व्हिलामिझार आणि चेंग साँग यांच्या मोजमापांतून हा नियम रूढ झाला. तो अशा टीसीपीसाठी होता जो पॅकेट हरवलं की वेग निम्मा करतो. आज सर्रास वापरात असलेला क्युबिक हा टीसीपीचा प्रकार वेग ०.७ पटीवर आणतो, त्यामुळे लिंक भरलेली ठेवायला त्या आकड्याच्या ४३ टक्के बफर पुरतो. वरच्या उदाहरणात साधारण २१५ केबी, १७ मिलिसेकंद.

२००४ मध्ये गुइडो अ‍ॅपेनझेलर, आयझॅक केस्लासी आणि निक मॅककीओन यांनी दाखवलं की हजारो प्रवाह एकत्र वाहत असतील तर हा आकडा प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागता येतो. दहा हजार प्रवाह असतील तर शंभरावा भाग पुरे. मोठ्या कण्याच्या राउटरसाठी हे मोलाचं आहे. घर किंवा कार्यालयाच्या लिंकवर एका वेळी दोन-चारच जड प्रवाह असतात, तिथे ही सवलत धरू नका.

आता शेपर. पायरी २ मध्ये मोजलेल्या खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर सुरुवात करा आणि पिंगची चाचणी पुन्हा चालवा. विलंब आटोक्यात राहत असेल तर दोन-दोन टक्क्यांनी वर जा. ज्या आकड्याला विलंब पुन्हा चढायला लागतो त्याच्या एक पाऊल खाली थांबा. फायबरसारख्या स्थिर लिंकवर हे बहुधा ९५ टक्क्यांच्या आसपास येतं. वेग हलत राहणाऱ्या लिंकवर ८५ पर्यंत खाली यावं लागतं. डाउनलोडच्या दिशेने शेपर लावताना जास्त सूट सोडा, कारण तिथली खरी रांग पलीकडच्या टोकाला असते आणि तुम्ही फक्त टीसीपीला अप्रत्यक्षपणे मंदावू शकता.

शेपर बरोबर आकड्यावर असूनही चालत नसेल तर दोन ठिकाणी शोधा. पहिलं, लिंकच्या थराचा जादा भार. पीपीपीओई (ब्रॉडबँडवर लॉग-इन करण्याची पद्धत) प्रत्येक पॅकेटवर ८ बाइट चढवतो. एडीएसएल (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) माल ५३ बाइटच्या सेलमध्ये भरतो आणि त्यात ४८ बाइटच खरा माल असतो, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त वेग सेलच्या शीर्षकांतच जातो. शेपरला हे सांगितलं नसेल तर ९५ टक्के म्हणून लावलेला आकडा प्रत्यक्षात लिंकच्या वर जातो आणि रांग परत मोडेममध्ये पळते. दुसरं, कार्डाचं ऑफलोड. लिनक्स अनेक पॅकेट जोडून ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच गठ्ठा खाली सोडतो. १० एमबीपीएसवर असा एक गठ्ठा बाहेर पडायला सुमारे ५२ मिलिसेकंद लागतात आणि तोवर कॉलचं पॅकेट मागे ताटकळतं. कमी वेगाच्या लिंकवर शेपर लावताना हे ऑफलोड बंद करा, किंवा गठ्ठा स्वतः फोडणारा केक हा शेड्युलर (पॅकेट सोडण्याचा क्रम ठरवणारा भाग) वापरा. तो लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे.

पायरी ६: एकच रांग ठेवू नका

साधी रांग भरली की शेवटी येणारं पॅकेट टाकते. याला टेल ड्रॉप म्हणतात. लोंढ्याच्या शेपटातली सलग पॅकेट एकाच वेळी पडतात आणि त्यात कॉलचं बिचारं १०० बाइटचं पॅकेटही जातं, ज्याचा या गर्दीशी काही संबंध नव्हता.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हा रांग आवरणारा अल्गोरिदम मांडला. तो रांगेची लांबी पाहतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहतो. १०० मिलिसेकंदांच्या कालखंडात हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर तो पॅकेट टाकायला सुरुवात करतो, आणि टीसीपी त्यातून इशारा घेऊन मंदावतो. थोडक्यात येऊन ओसरणाऱ्या लोंढ्याला तो हात लावत नाही, आणि व्हिडिओला नेमकं हेच हवं असतं. एफक्यू-कोडेल यापुढे जाऊन प्रवाहांना वेगवेगळ्या रांगांत घालतो, नेहमीच्या मांडणीत १०२४ रांगांत, त्यामुळे जड डाउनलोड आणि कॉल एकमेकांच्या मागे उभे राहत नाहीत. २०१८ पासून तो आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात उपलब्ध आहे. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू या नावाखाली बहुधा हाच किंवा केक असतो. तो चालू करणं हे या लेखातलं सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त गुण देणारं काम आहे.

दोन मर्यादा मात्र जाणून असा. १ एमबीपीएसच्या लिंकवर १५०० बाइटचं एकच पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात, तिथे ५ मिलिसेकंदांचं लक्ष्य गाठता येणारच नाही. ते १५ ते १८ वर न्या, नाहीतर विनाकारण पॅकेट पडतील. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: कॅमेरा किंवा आयपीटीव्हीचा (नेटवर्कवरून येणाऱ्या टीव्हीचा) यूडीपी प्रवाह, म्हणजे पोच न घेता पाठवला जाणारा, पॅकेट पडलं म्हणून मंदावत नाही. त्याला इशारे देऊन उपयोग नाही. अशा प्रवाहासाठी वेगळी रांग ठेवा, तिला हमीचा वेग द्या, आणि तिची लांबी पायरी ४ च्या सूत्राने काढून वर पाव भाग जादा धरा. कॅमेऱ्यांच्या उदाहरणात २०० केबीवर पाव भाग म्हणजे २५० केबी, ४० मिलिसेकंद.

कॉलसाठी वेगळी, सर्वांत आधी सुटणारी रांग ठेवता येते, २० मिलिसेकंदांहून लांब नको. पण तिला वेगाची कमाल मर्यादा घालाच, लिंकच्या एक तृतीयांशाच्या आसपास. मर्यादा नसलेली अग्रक्रमाची रांग बाकी सगळ्यांना उपाशी ठेवते. वर्गीकरणासाठी डीएससीपी खुणा (पॅकेटच्या शीर्षकातला वर्ग सांगणारा आकडा) वापरा: आवाजाला ईएफ म्हणजे ४६, कॉलच्या व्हिडिओला एएफ४१ म्हणजे ३४, प्रसारणाच्या व्हिडिओला सीएस३ म्हणजे २४. या खुणा तुमच्या नेटवर्कच्या आत कामाच्या, बाहेर गेल्यावर त्या टिकतील असं धरून चालू नका.

पायरी ७: ओसंडणं ओळखा

पॅकेट हरवलं म्हणजे बफर ओसंडला असं नसतं. उपकरणावर दोन वेगळे काउंटर पाहा. एरर किंवा सीआरसीचा (बिघडलेलं पॅकेट ओळखणाऱ्या तपासणीचा) काउंटर वाढत असेल तर तार, कनेक्टर किंवा सिग्नल खराब आहे, बफर वाढवून काही होणार नाही. बाहेर जाणाऱ्या डिस्कार्डचा (टाकून दिलेल्या पॅकेटचा) काउंटर वाढत असेल तर रांग ओसंडतेय. लिनक्सच्या टीसी या साधनात प्रत्येक रांगेचा ड्रॉप आणि बॅकलॉग (रांगेत थांबलेला माल) दिसतो. त्यातला ओव्हरलिमिट हा आकडा पाहून घाबरू नका, तो शेपरने पॅकेट किती वेळा थांबवलं एवढंच सांगतो. काउंटर दर सेकंदाला वाचा. दोन-दोन सेकंदांच्या ठेक्यात ड्रॉप वाढत असतील तर आय-फ्रेम जुळल्या आहेत हे तिथल्या तिथे कळतं.

डिस्कार्ड शून्य आणि तरी चित्र फुटत असेल तर पाहणाऱ्या संगणकाकडे वळा. लिनक्समध्ये यूडीपी सॉकेटचा घेणारा बफर मुळात २,१२,९९२ बाइटचा असतो, आणि त्यात कर्नलची स्वतःची नोंदसुद्धा मोजली जाते, म्हणजे खरा माल त्याहून कमी मावतो. वर पाहिलेला लोंढा इथेही ओसंडू शकतो. नेटस्टॅटच्या यूडीपी आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर वाढताना दिसतील. हा बफर २ ते ४ एमबी करायला हरकत नाही. लिंकच्या रांगेसारखा तो इतरांना विलंब लावत नाही.

पडण्याचं प्रमाण टक्क्यांत पाहिलं की लहान वाटतं. ८ एमबीपीएसचा टीव्ही प्रवाह १८८ बाइटची सात टीएस पॅकेट (डिजिटल टीव्हीच्या प्रवाहाचे ठरावीक आकाराचे तुकडे) एका यूडीपी पॅकेटमध्ये घालून येतो, म्हणजे १३१६ बाइट, सेकंदाला ७६० पॅकेट. दहा हजारांत एक पडलं तरी दर १३ सेकंदांनी एक धक्का, आणि तो पुढची आय-फ्रेम येईपर्यंत पडद्यावर राहतो. हानी मोजायला टीएसच्या सातत्य-काउंटरवर विसंबू नका. तो चारच बिटचा आहे. सलग सोळा यूडीपी पॅकेट पडली तर ११२ टीएस पॅकेट जातात, ती सगळी एकाच पीआयडीची (आतल्या प्रवाहाच्या ओळख-क्रमांकाची) असतील तर काउंटर बरोबर जागेवर येतो आणि काही झालंच नाही असं दिसतं. शक्य असेल तिथे आरटीपी (लाइव्ह आवाज-चित्रासाठीचा प्रोटोकॉल) वापरा, त्याचा अनुक्रमांक १६ बिटचा असतो.

वेग बदलला की

बाइटमध्ये घातलेली मर्यादा लिंकचा वेग बदलला की चुकीची ठरते. मुख्य ५० एमबीपीएसची लिंक पडून राउटर १० एमबीपीएसच्या राखीव लिंकवर गेला, तर कॅमेऱ्यांची २५० केबीची रांग ४० ऐवजी २०० मिलिसेकंदांची होते. शिवाय ३२ एमबीपीएसचा माल तिथे मावतच नाही, रांग कितीही लांब असो. म्हणून लिंक बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्येच तीन गोष्टी घाला: शेपरचा नवा आकडा, रांगेची नवी लांबी, आणि कॅमेऱ्यांना सब-स्ट्रीमवर (कमी बिटरेटच्या दुसऱ्या प्रवाहावर) नेण्याची आज्ञा. प्रत्येकी ४०० केबीपीएसने सोळा कॅमेऱ्यांचे ६.४ एमबीपीएस होतात. सगळे आकडे पाचाने भागले जातात, रांग ५० केबीची होते आणि विलंब पुन्हा ४० मिलिसेकंदांवर येतो. उपकरणात रांगेची मर्यादा मिलिसेकंदांत घालायची सोय असेल तर तीच वापरा, मग यातली एक ओळ कमी होते. मुख्य लिंक परत आल्यावर सगळे कॅमेरे एकदम मोठ्या स्ट्रीमवर नेऊ नका, प्रत्येकामध्ये १२० मिलिसेकंदांचं, म्हणजे तीन फ्रेमचं अंतर ठेवा.